नको असलेली ई-पत्रे : उसातल्या तणासारखी ओळखा, वेळीच काढा



उसाचे बिल आता रोखीने हातात पडत नाही, ते थेट बँक खात्यात जमा होते. सोय मोठी झाली. पण जिथे पैसा तिथे चोराची नजर, हे जुनेच आहे. पूर्वी चोराला रात्री वाड्यापर्यंत यावे लागे. आता तो कुठेतरी लांब बसून आपल्या मोबाईलवर पत्र धाडतो. पैठण, गंगापूर, वैजापूर भागात आज घरोघरी असा मोबाईल आहे आणि बहुतेक मोबाईलमध्ये ई-मेलचे खातेही आहे. म्हणून या पत्रांची माहिती प्रत्येक सभासदाला असणे जरूर आहे.

ही पत्रे येतात कशी?

आपण न मागता, एकाच वेळी हजारो-लाखो लोकांना धाडलेल्या ई-पत्राला ‘स्पॅम’ म्हणतात. पहिले असे पत्र ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना पाठविले. ती साधी जाहिरात होती, तरी लोक चिडलेच.

टपालाच्या प्रत्येक पत्राला तिकीट लागते, म्हणून माणूस विचार करून पत्र टाकतो. ई-पत्राचे तसे नाही. दहा पाठवा की दहा लाख, खर्चात फारसा फरक नाही. लाखात चार-दोन माणसे गळाला लागली तरी धाडणाऱ्याचे भागते. म्हणूनच ही पत्रे थांबत नाहीत.

तण दोन जातीचे

काही तण नुसते जागा अडवते, काही उसाचे खतपाणी ओढून घेते. पत्रांचेही असेच. कर्ज, बियाणे, कपडे यांच्या जाहिराती म्हणजे पहिली जात, नुसता त्रास. दुसरी जात फसवणुकीची. ती बँकेचे, सरकारचे किंवा ओळखीच्या माणसाचे नाव घेऊन येते.

शिकल्या-सवरल्या लोकांनाच हे कळते असे समजू नका. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत नोकरीच्या अर्जाची ई-पत्रे आली. कर्मचाऱ्याने आतली लिंक उघडली आणि चोर संगणकात शिरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले. आणखी २ कोटी डॉलर केवळ एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकल्याने शंका येऊन वाचले.

आपल्याकडे २०२२ मध्ये ‘बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ असे खोटे संदेश मोबाईलवर फिरले. महावितरणला लोकांना जाहीर सावध करावे लागले. पीएम-किसानच्या नावाने ‘एपीके’ फाईल येते, तीही याच जातीची. ती फाईल उघडून बसविली की मोबाईलच चोराच्या ताब्यात जाऊ शकतो. वाट कोणतीही असो, रीत एकच : भीती किंवा लोभ दाखवायचा आणि घाई करायची.

ओळखावे कसे?

१. पत्ता शेवटाकडून वाचा. सरकारी पत्ता बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हे शेपूट असलेला संकेतस्थळाचा पत्ता घ्यायला सांगितले होते. पुढे बँकेचे नाव आणि शेपूट भलतेच, तर संशय धरा.

२. पत्रातल्या लिंकवर बोट लावू नका. खरेच काम असेल तर पासबुकावरच्या नंबरवर फोन करा, नाहीतर शाखेत जा.

३. ओटीपी, पिन, पासवर्ड पत्राने किंवा फोनवर कोणालाही सांगू नका. बिलाचा खाते क्रमांक बदलायचा असेल तर गट ऑफिसात समक्ष यावे.

४. अनोळखी पत्राला उत्तर देऊ नका; शिवी देण्यासाठीसुद्धा नको. उत्तर गेले की ‘या पत्त्यावर माणूस आहे’ हे चोराला कळते. ओळखीच्या दुकानाची जाहिरात असेल तर ‘अनसबस्क्राईब’ दाबून बंद करा. अनोळखी पत्रात तेही दाबू नका.

चाळण आपल्याच हातात

गेटवर जशी उसाच्या गाडीची चिठ्ठी बघतात, तशी ई-मेल कंपनीही ‘हे पत्र खरेच त्या पत्त्यावरून निघाले का’ हे तपासते. २०२४ पासून गुगलने मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना अशी ओळख सक्तीची केली आहे. तरी काही तण निसटतेच. ते नुसते खोडू नका, ‘स्पॅम’ म्हणून नोंदवा. चाळण त्यातून शिकते. कधी चांगले पत्रही स्पॅममध्ये पडते. जीमेल ते ३० दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे नजर टाका आणि कामाचे पत्र ‘स्पॅम नाही’ म्हणून परत घ्या.

फसलोच तर?

लाजून गप्प बसू नका. तासाभरातला फोन पैसे वाचवू शकतो. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा, बँकेला सांगून खाते आणि कार्ड बंद करा, मग सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला दंडक असा की, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

आडसाली ऊस अठरा महिने सांभाळावा लागतो. त्याचा पैसा एका बोटाच्या स्पर्शाने जाऊ देऊ नका. घरात मोबाईल बहुधा पोरांच्या हाती असतो, म्हणून हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि म्हाताऱ्या माणसांनाही समजावून सांगा, ही विनंती.