वापरात नसलेले डोमेन नाव : मूल्यनिर्धारण व विक्रीचा निर्णय

सारांश :
संस्थेकडे नोंदलेले, परंतु वापरात नसलेले डोमेन नाव विकावे, राखावे की सोडून द्यावे, हा प्रश्न वरकरणी किमतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात शब्दाचे बाजारमूल्य आणि त्या नावावर पूर्वी ठेवला गेलेला विश्वास अशा दोन भिन्न गोष्टी गुंतलेल्या असतात. प्रस्तुत लेखात या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करून निर्णयाचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना :
१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव प्रणालीची रचना मांडली. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. पुढे १९९८ मध्ये या नावांच्या जागतिक व्यवस्थापनासाठी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली. भारतात २००५ पासून डॉट इन नावांची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. शिक्षणसंस्थांनीही या काळात संकेतस्थळे उभारली. एखादे महाविद्यालय प्रारंभी डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नाव घेते, पुढे 'एसी डॉट इन' नावाकडे वळते आणि जुने नाव तसेच पडून राहते. परिसंवादासाठी वा नियतकालिकासाठी घेतलेल्या नावांचीही हीच स्थिती होते. नूतनीकरणाचे देयक आले की 'याचे करायचे काय?' हा प्रश्न कार्यालयापुढे उभा राहतो.

डोमेन नावाच्या हक्काचे स्वरूप :
डोमेन नाव ही जमिनीसारखी कायमच्या मालकीची वस्तू नाही. ठरावीक मुदतीसाठी मिळालेला तो वापराचा हक्क आहे. डॉट कॉमसारख्या नावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते. त्यामुळे 'विक्री' याचा अर्थ नोंदणीचे हस्तांतरण एवढाच होतो. मुदत संपल्यानंतर अशा नावासाठी प्रथम नूतनीकरणाची सवलत मिळू शकते. नाव रद्द झाल्यावर जादा शुल्क भरून ते परत घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतरच्या ५ दिवसांनी ते कोणालाही नोंदता येते. नोंदणी करून देणाऱ्या कंपन्या मुदत संपलेल्या नावांचा त्यापूर्वीच लिलावही करतात. म्हणजेच काहीही न करणे हादेखील एक निर्णयच असतो. त्यात नाव परक्याच्या हाती जाते आणि मोबदला संस्थेला मिळत नाही.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. 'एसी डॉट इन' नावे अर्नेट इंडियामार्फत पात्र शैक्षणिक संस्थांनाच दिली जातात. ती खुल्या बाजारात विकण्याची वस्तू नाहीत. विक्रीचा विचार डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन यांसारख्या नावांपुरताच संभवतो.

बाजारमूल्याचे निकष :
नावाचे बाजारमूल्य मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली, शब्द लहान, सोपा व ऐकताच लिहिता येण्याजोगा आहे काय. दुसरी, त्याचे विस्तारपद कोणते आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्या नावाची गरज किती जणांना भासू शकते. 'मायक्रोस्ट्रॅटेजी' या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलर्सना विकले. शब्दकोशातील साध्या शब्दाला अनेक व्यवसायांकडून मागणी येऊ शकते, हे त्यामागील कारण होय. उलट, गाव, संस्थापक व महाविद्यालय यांच्या आद्याक्षरांनी बनलेल्या नावाला बहुधा एकच ग्राहक असतो आणि तो म्हणजे ती संस्था स्वतः.

राखण्याचा खर्च तपासण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, नूतनीकरणाचा वार्षिक खर्च १,००० रुपये आहे आणि ५०,००० रुपये किंमत येण्याची आशा आहे. वर्षभरात ग्राहक मिळण्याची शक्यता शंभरात दोन असेल, तर अपेक्षित उत्पन्न १,००० रुपये, म्हणजे खर्चाइतकेच ठरते. शक्यता शंभरात एक असेल, तर नाव केवळ विक्रीच्या आशेने राखणे तोट्याचे आहे. संगणकीय मूल्यांकनाने दाखवलेला आकडा म्हणजे ग्राहकाचा देकार नव्हे. तुलना करावयाची तर तशाच नावांच्या प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांशी करावी.

कायदेशीर बाजू :
सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स (२००४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावास व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले. आयकॅनच्या १९९९ च्या तंटा निवारण धोरणानुसार तक्रारदारास तीन बाबी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या व्यापारचिन्हाशी एकरूप वा फसवे साम्य असलेले आहे, नोंदणीधारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे. व्यापारचिन्हाच्या मालकालाच चढ्या किमतीत विकण्याच्या मुख्य हेतूने नाव नोंदणे हा दुर्हेतूचा पुरावा मानला जातो. डॉट इन नावांसाठी स्वतंत्र, पण याच धर्तीचे धोरण आहे. म्हणून ज्या नावाची किंमत दुसऱ्याच्या लौकिकातून आलेली आहे, ते विक्रीयोग्य समजू नये.

नावावर उरलेला विश्वास :
संकेतस्थळ बंद झाले तरी नावाचे संबंध संपत नाहीत. जुन्या माहितीपुस्तिका, शोधनिबंधांतील संदर्भ व शासकीय पत्रव्यवहार यांत ते छापलेले असते. त्या नावावरील ई-मेल पत्ते बँक खात्यांशी व विविध पोर्टलांशी जोडलेले असू शकतात. नवा धारक तेच पत्ते पुन्हा निर्माण करून परवलीचे शब्द बदलण्याचे संदेश मिळवू शकतो.

शोधनियतकालिकांच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्षात आलेला आहे. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात, मूळ प्रकाशकांच्या हातून निसटून इतरांनी बळकावलेली नियतकालिकांची २४ डोमेन नावे दाखवून दिली. अशा नावावर बनावट नियतकालिक उभे राहिले, तर त्याला शुल्क व निबंध पाठवणाऱ्या प्राध्यापकाचे पैसे जातात आणि त्याचे संशोधनही वाया जाते. याउलट, संस्थेला त्या विक्रीतून मिळालेली रक्कम अल्प असते.

व्यवहारातील दक्षता :
विक्री करावयाचे ठरल्यास प्रथम नोंदणी व्यक्तीच्या नावे आहे की संस्थेच्या, हे पाहावे. पुष्कळदा ती एखाद्या माजी कर्मचाऱ्याच्या वा संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावे आढळते. व्यवस्थापनाचा लेखी ठराव घ्यावा. रक्कम त्रयस्थ विश्वस्त सेवेकडे जमा झाल्याखेरीज हस्तांतरणाचा संकेतांक देऊ नये. 'आधी सशुल्क मूल्यांकन प्रमाणपत्र आणा' असे सांगणारा ग्राहक हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे.

निष्कर्ष :
१. ज्या नावाचे मूल्य केवळ शब्दात आहे आणि ज्यावर कोणाचा व्यापारचिन्हाचा हक्क नाही, ते विकण्यास हरकत नाही.
२. ज्या नावाला मागणी नाही व ज्याच्याशी कोणताही पत्रव्यवहार जोडलेला नाही, ते मुदतीअखेर सोडून द्यावे.
३. ज्या नावाने संस्थेने विद्यार्थी, लेखक वा शासन यांच्याशी व्यवहार केला आहे, ते विकू नये. त्याचे नूतनीकरण करून ते चालू संकेतस्थळाकडे वळवावे.

शब्दाची किंमत ग्राहक देऊ शकतो. परंतु जुन्या पत्त्यावर विसंबून पत्र पाठवणाऱ्याचा विश्वास संस्थेकडे ठेव म्हणून असतो. ती ठेव सांभाळण्यासाठी येणारा नूतनीकरणाचा खर्च हा संस्थेच्या जबाबदारीचाच भाग मानला पाहिजे.