सूर्याची चूल
गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता; आज तो गोंदियात आहे. निर्वासित कोठलेही असोत, निवाऱ्यापाठोपाठ प्रश्न येतो सरपणाचा. आफ्रिकेतील चाड देशात इरिदिमी छावणीतून सरपणासाठी बाहेर पडणाऱ्या दारफूरच्या स्त्रियांवर हल्ले होत. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे पुठ्ठा व चकचकीत ॲल्युमिनियम कागदाचे सौरकुकर आले. काळे झाकणबंद भांडे पारदर्शक पिशवीत ठेवले की अन्न ज्योतीवाचून शिजे. रानातल्या फेऱ्या घटल्या. सूर्यास्तानंतर मात्र तो निरुपयोगी. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या श्रावकाघरी ही उणीव फारशी जाणवणार नाही. अग्निकायिक जीवांची विराधनाही टळेल. भंडाऱ्याच्या कडक उन्हात डाळभात सहज शिजेल. चातुर्मासातील ढगाळ दिवसांत मात्र चुलीला पर्याय नाही.