विक्रोळीची सुपरफास्ट 'लोकल'!

माहीत आहे का, ताशी तीन हजार किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या एका मिसाइलचा सांगाडा सेंट्रल रेल्वेच्या चक्क स्लो स्टेशनाजवळ तयार होतो? घाटकोपर सोडलं की पुढचंच स्टेशन. विक्रोळी!

मिसाइलचं नाव ब्रह्मोस. भारत आणि रशियाचा हा भागीदारीतला धंदा. करार झाला १२ फेब्रुवारी १९९८ रोजी. हिस्सा किती? भारताचा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५. म्हणजे भागीदारी जवळपास निम्मी-निम्मी, पण पारडं आपल्या बाजूला झुकलेलं. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी ओडिशातल्या चांदीपूरला झाली.

आता वेगाचं बोलू. ब्रह्मोसचा वेग मॅक २.८, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट. कागदावरचे आकडे नकोत? मग हे घ्या. घाटकोपर ते मुलुंड अंतर साधारण १२ किलोमीटर आणि गंमत म्हणजे अंधेरी ते बोरिवलीही साधारण १२ च. सेंट्रल असो वा वेस्टर्न, या अंतराला ब्रह्मोसला लागतील जेमतेम १५ सेकंद. 'पुढील स्टेशन' ही घोषणा पुरी व्हायच्या आत दोन्ही लाइनी खल्लास! आणि चर्चगेट ते विरार? सव्वा मिनिट, बस्स.

परत विक्रोळीला येऊ. इथे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून गोदरेज अँड बॉइसचा अवाढव्य परिसर आहे आणि पलीकडे ठाणे खाडीची खारफुटी. ही कंपनी १८९७ मध्ये सुरू झाली ती कुलपं बनवायला. १९२३ मध्ये स्टीलचं कपाट आलं. घरोघरी लग्नात आलेलं, आरशाचं, तेच ते! स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. १९५५ मध्ये टाइपरायटर. इस्रोच्या पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही रॉकेटांत लागणारं 'विकास' इंजिनही इथे बनतं. आणि ब्रह्मोसच्या एअरफ्रेमचे शंभराहून जास्त संच इथून गेले आहेत. कुलूपवाल्यांची मजल थेट टार्गेट 'लॉक' करणाऱ्या यंत्रापर्यंत!

एअरफ्रेम म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे हं. हवेच्या घर्षणाने तापणारी कातडी, पंख, शेपटीकडची सुकाणू, इंधन साठवायची जागा, सगळं यात येतं. आवाजाच्या तिप्पट वेगात एक सांधा जरा तिरका बसला, तरी अख्खं मिसाइल भरकटू शकतं. म्हणून ब्रह्मोसचं कौतुक करताना वैज्ञानिकांच्या बरोबरीने वेल्डर, फिटर आणि सीएनसी मशीनवर उभ्या असलेल्या माणसांनाही सलाम ठोकायला हवा. यातली कितीतरी माणसं रोज तुमच्याआमच्याच डब्यात चढतात.

पुढचं स्टेशन कांजूरमार्ग. पवईला जायचं तर इथे उतरा. पवईत साकीविहार रोडवर लार्सन अँड टुब्रोचा जुना, ऐसपैस कारखाना आहे. ब्रह्मोस जहाजावरून सरळ वर सोडणारा व्हर्टिकल लाँचर याच कंपनीचा. माहीत आहे का, ही कंपनी १९३८ मध्ये मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी काढली? हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो. म्हणजे मिसाइल रशियाच्या साथीने, लाँचरवाल्यांची मुळं डेन्मार्कची आणि कारखान्यांचे पत्ते पूर्व उपनगरातले!

आता मशीनच्या पोटात डोकावू. खरी धमाल तिथेच आहे.

ब्रह्मोसच्या मुख्य इंजिनात हवा दाबणारा पंखाच नाही! विमानाच्या जेट इंजिनात पुढे पंखे फिरतात, हवा आत ओढतात, दाबतात. ब्रह्मोसचं इंजिन रॅमजेट. वेगच इतका प्रचंड, की समोरून घुसणारी हवा आपोआप दाबली जाते. तिच्यात इंधन फवारायचं, पेटवायचं, झालं काम.

फक्त एक गोची आहे. जागेवर उभं असलेलं रॅमजेट काहीच कामाचं नाही. आधी कुणीतरी धक्का मारून त्याला आवाजाच्या वेगापुढे न्यायला हवं. तो धक्का मारतो घन इंधनाचा बूस्टर.

आणि हा बूस्टर बसतो कुठे? रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच! काही सेकंदांत तो जळून संपतो, त्याचं रिकामं कवच मागे फेकलं जातं आणि मोकळ्या झालेल्या त्याच जागेत रॅमजेट पेटतं. एक खोली, दोन इंजिनं, आळीपाळीने. जागेची इतकी हुशार काटकसर मुंबईकराला पहिल्या झटक्यात पटेल. आख्ख्या डिझाइनमधली माझी सगळ्यात आवडती युक्ती हीच.

दुसरी युक्ती नाकावर. हवा आत घेण्याचं तोंड पुढे असतं, म्हणून सुरुवातीला त्यावर एक टोपी असते. या टोपीत छोटे-छोटे थ्रस्टर असतात. मिसाइल सरळ वर उडालं, की हे थ्रस्टर त्याला झटकन लक्ष्याच्या दिशेला आडवं करतात. काम फत्ते झालं की टोपी उडाली! वर जाऊन वळायचं, टोपी टाकायची आणि सुसाट सुटायचं, हे सगळं अवघ्या काही सेकंदांत.

शेवटच्या टप्प्यात ते किती खाली उतरतं, माहीत आहे का? समुद्रापासून जेमतेम १० मीटर. जहाजाच्या रडारला ते क्षितिजावर दिसेपर्यंत हातात फार थोडे सेकंद उरतात.

मग सुरुवातीला रेंज २९० किलोमीटरच का? ३०० का नाही? कारण एमटीसीआर नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. ३०० किलोमीटर किंवा त्याहून लांब जाणाऱ्या मिसाइलचं तंत्रज्ञान इतरांना देण्यावर तिची कडक बंधनं आहेत. म्हणून मीटर ३०० च्या अलीकडेच थांबवला. जून २०१६ मध्ये भारत स्वतःच या व्यवस्थेचा सदस्य झाला आणि ११ मार्च २०१७ रोजी लांब पल्ल्याच्या ब्रह्मोसची चाचणीही उरकली. पल्ला ४५० किलोमीटर.

व्हरायटी हवी? घ्या की. ट्रकवरून सुटणारं आहे, जहाजावरून सुटणारं आहे, विमानातून सुटणारं आहे. २० मार्च २०१३ रोजी विशाखापट्टणमजवळ ते पाण्याखालूनही उडवलं. बुडवलेल्या तराफ्यातून उभं वर! सुपरसॉनिक क्रूझ मिसाइल पाण्याखालून असं सरळ वर सोडण्याची जगातली ती पहिलीच वेळ. आणखी एक प्रकार खास डोंगराळ भागासाठी. वरून जवळजवळ उभा सूर मारून तो डोंगराआडचं लक्ष्य गाठतो.

विमानवाल्या ब्रह्मोसची गोष्ट तर आपल्या नाशिकची. जमिनीवरचं मिसाइल तीन टनांचं, विमानासाठीचं अडीच टनांचं. तरी सुखोई-३० च्या पोटाला एवढं वजन म्हणजे मोठंच ओझं. मग ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात विमानाचा सांगाडा मजबूत केला आणि २५ जून २०१६ रोजी नाशिकच्या आकाशात सुखोई ब्रह्मोस घेऊन उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते खरोखर डागलं. नेम थेट समुद्रातल्या लक्ष्यावर!

जहाजांचा हिशेबही भन्नाट आहे. माझगाव डॉकने बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या तीन आणि विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिका. प्रत्येकीवर १६ ब्रह्मोस. गुणाकार करा : ११२! यातल्या एकीचं नाव गोव्याच्या बंदरावरून, आयएनएस मोरमुगाव. ती नौदलात आली १८ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे गोवा मुक्ती दिनाच्या ऐन आदल्या दिवशी. असं टायमिंग कुणी ठरवलं असेल, त्याला फुल मार्क्स.

ब्रह्मोससारख्या क्रूझ मिसाइलांचा खापरपणजोबा कोण, माहीत आहे का? १९१८ मधला अमेरिकेचा 'केटरिंग बग'. इंजिनाचे फेरे मोजायचे, ठरलेला आकडा आला की इंजिन बंद, पंख गळून पडायचे आणि बाकीचं धाडकन खाली! पहिलं महायुद्ध संपलं आणि तो प्रत्यक्ष लढाईत उतरलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं व्ही-१ आलं. त्याच्या नाकावर एक चिमुकला पंखा होता. त्याच्या फेऱ्यांवरून अंतर मोजलं जायचं. जीपीएसच्या कितीतरी आधीचा हा मीटर.

मुंबईची क्रूझ मिसाइलशी ओळख ब्रह्मोसपेक्षा जुनी आहे बरं का. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या मिसाइल बोटींनी रशियन बनावटीची 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं कराचीच्या समोर डागली. या बोटी मुंबईच्या पश्चिम ताफ्यातल्या. नौदल दिन ४ डिसेंबरला साजरा होतो तो याच रात्रीसाठी.

आता एक गंभीर नोंद. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. कुणाचाही जीव गेला नाही. सरकारने खेद व्यक्त केला, चौकशी झाली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बडतर्फ केलं. एवढ्या वेगवान शस्त्रामागे नियमावलीची एकेक ओळ का पाळावी लागते, ते या एका घटनेवरून कळतं.

गिऱ्हाईक आहे का? आहे! २८ जानेवारी २०२२ रोजी फिलिपिन्सने करार केला, सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा. एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप विमानाने तिकडे पोहोचलीसुद्धा.

आणि पुढची एंट्री? 'ब्रह्मोस-एनजी'. लांबीने कमी, वजनाला सध्याच्या मिसाइलच्या साधारण निम्मं. सुखोई आज पोटाखाली एकच ब्रह्मोस नेतं, पुढे त्याला एका वेळी अनेक नेता यावीत आणि छोट्या तेजस विमानालाही हे मिसाइल पेलावं, असा बेत आहे. तेजसची एक नवी प्रॉडक्शन लाइन कुठे सुरू झाली, माहीत आहे का? नाशिकला! १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हवेत झेपावलं.