‘समाज अजून तयार नाही’: बोत्स्वानातील एका कलमाची गोष्ट

हिरे, गुरेढोरे आणि कलहारीचे वाळवंट ही बोत्स्वानाची ओळख. दक्षिण आफ्रिकेला खेटून असलेल्या या देशाची लोकसंख्या जेमतेम चोवीस लाख. तेथील दंडसंहितेच्या १६४व्या कलमाची भाषा मात्र आपल्याला अगदी ओळखीची वाटते. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंध ठेवणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद! आपले ३७७ आठवले ना? दोन्ही इंग्रजांचीच देणगी. बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला, पण कलम राहिले. इतकेच नव्हे, १९९८ साली कायदा बदलून स्त्रियांनाही त्याच्या कक्षेत ओढण्यात आले.

एका आरोपीने या कलमाला आव्हान दिले, तेव्हा २००३ साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की, हे संबंध गुन्ह्यातून वगळण्याची वेळ अजून आलेली नाही. समाज तयार नाही, हे आपल्याकडेही घरोघरी ऐकू येणारे वाक्य. पण समाज तयार झाला हे ठरवायचे कोणी आणि कसे?

मधल्या काळात याची किंमत दवाखान्यांत मोजली जात होती. एड्सने पोळलेल्या या देशाने २००२ पासून मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. आफ्रिकेत हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या देशांपैकी तो एक. मात्र ज्याचे नातेच गुन्हा, तो डॉक्टरांपुढे तोंड कसे उघडणार? एका हाताने औषध आणि दुसऱ्या हातात बेडी, असा हा प्रकार.

‘लेगाबिबो’ या समलिंगी व्यक्तींच्या संघटनेला तर नोंदणीसुद्धा नाकारली गेली. ती मिळवायला २०१६ पर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने दोन निकालांत लिंगांतरित व्यक्तींच्या ओळखपत्रावरील लिंगाची नोंद बदलण्याचा आदेश दिला.

मग विद्यापीठातील एक विशीतला विद्यार्थी पुढे झाला. त्याच्या याचिकेवर ११ जून २०१९ रोजी गाबोरोनच्या उच्च न्यायालयाने कलम रद्दबातल ठरवले. न्यायमूर्ती मायकेल लेबुरू यांच्या निकालाचा रोख स्पष्ट होता : लोकमत विचारात घ्यावे, पण मूलभूत हक्कांचा फैसला त्यावर सोडता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाचा दाखलाही त्यात आहे. इंग्रजांनी दोन्हीकडे पेरलेले कलम उपटताना एका देशाचा निकाल दुसऱ्याच्या कामी आला, हे वाचून बरे वाटते. सरकार अपिलात गेले, पण २९ नोव्हेंबर २०२१ रोजी पाचही न्यायमूर्तींनी निकाल कायम केला.

कोर्टाने सांगितले म्हणून घरे लगेच बदलत नाहीत. २०२३ साली दंडसंहितेतील ते शब्द काढण्याचे विधेयक आले, तेव्हा अनेक चर्चचे लोक रस्त्यावर उतरले. रविवारी त्याच प्रार्थनेला आईवडिलांशेजारी बसणारी समलिंगी मुलेमुलीही त्या देशात आहेतच.