संगीताचे फिरते परीक्षक

वि. दि. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा नागपूरसह गावोगावच्या केंद्रांवर होतात. प्रात्यक्षिकासाठी परीक्षक बाहेरून येतो. विद्यार्थ्याला शिकवणाऱ्यानेच गुण देऊ नयेत, हा त्यामागचा साधा हेतू. लंडनमध्ये १८८९ साली स्थापन झालेले, संगीताच्या परीक्षा घेणारे असोसिएटेड बोर्डही परीक्षकांना देशोदेशी पाठवते.

मंडळाच्या परीक्षांची सत्रे दोन: एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग नागपुरात मिळत असल्याने पोहोचणे सोपे. कठीण असतो तो मे महिना. पारा पंचेचाळिशीपार जातो, कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणून स्वर चढतो. कूलर लावावा तर दमट झोताने ती सैल पडते, शिवाय त्याच्या घरघरीत तानपुरा बुडतो. साथीदाराचा हातोडा त्यामुळे दिवसभर हाताशीच.

लहान मुले स्वरांचे अलंकार आणि छोटा ख्याल म्हणून चटकन मोकळी होतात. वरच्या, विशारद परीक्षेच्या विद्यार्थ्याला मात्र बराच वेळ द्यावा लागतो: विलंबित ख्याल, समप्रकृतिक रागांतला फरक, हातावर ताल धरून दुगुन-चौगुन, शिवाय मंचप्रदर्शन. तोच तो यमन दिवसभर ऐकून शेवटच्या मुलाला पहिल्याइतकाच न्याय देणे, हे या कामातले खरे कसब. गुणपत्रके मंडळाकडे रवाना झाली की पुढचे केंद्र.