हलक्या धातूंची जड घडाई

हलका धातू म्हणजे कच्चा धातू, हा समज फार चिवट आहे. घरातला ॲल्युमिनियमचा डबा बोटाने चेपतो, मग त्याच धातूचं विमान कसं टिकतं? तो धातू तोच नसतो. विमानासाठीच्या ॲल्युमिनियममध्ये जस्त, मॅग्नेशियम, तांबं मिसळलेलं असतं. ७०७५ हा त्यातला नावाजलेला मिश्रधातू. योग्य उष्णताप्रक्रियेनंतर तो बांधकामाच्या साध्या पोलादापेक्षा जास्त ताण सोसतो, वजन मात्र जेमतेम एक तृतीयांश.

घडाई म्हटलं की लालबुंद लोखंड आणि घणाचे घाव डोळ्यांसमोर येतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. ते घडवतात साधारण ४०० ते ४७५ अंशांना, आणि तेव्हा ते लाल दिसतही नाही. मॅग्नेशियमला तर घण मानवतच नाही. त्याच्या स्फटिकांची रचनाच अशी की झटका बसला तर ते तडकतं, सावकाश दाबलं तर आकार घेतं.

हे जर्मनीने आधी ओळखलं. दुसऱ्या महायुद्धात बिटरफेल्डला ३०,००० टन दाबाची प्रेस होती. युद्धानंतर ती सोव्हिएत संघात गेली. अमेरिकेच्या वाट्याला १५,००० टनांच्या दोन आल्या. ही पिछाडी अमेरिकी हवाई दलाला इतकी बोचली की १९५० पासून सरकारी खर्चाने दहा महाकाय प्रेस उभारायला घेतल्या गेल्या. त्यातली क्लीव्हलंडची ५०,००० टनी प्रेस १९५५ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये तिला तडे सापडले. ती मोडीत न काढता दुरुस्त केली गेली, हा निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण असं यंत्र पुन्हा बांधणं सोपं नव्हे. एफ-३५ लढाऊ विमानाच्या सांगाड्याचे मोठे आडवे भाग तिनेच घडवले.

घडीव आणि ओतीव भाग सारखेच, असंही अनेकांना वाटतं. ओतकामात हवेची बारीक छिद्रं राहू शकतात. घडाईत धातू दाबाने घट्ट होतो आणि त्याची आतली कणरचना भागाच्या वळणाने वाहते. म्हणून वारंवार ताण येतो तिथे घडीव भागच भरवशाचा.

मॅग्नेशियम लगेच पेटतं, ही भीती अर्धी खरी. त्याचा कीस आणि भुकटी धोक्याचीच. जाड ठोकळा मात्र सहजी पेट घेत नाही, कारण उष्णता त्याच्या अंगभर पसरते.

आणि हे सगळं फक्त युद्धासाठी? ए३८० या प्रवासी विमानाच्या पंखातले भाग क्लीव्हलंडच्याच प्रेसखाली घडले. ट्रकची घडीव ॲल्युमिनियम चाकं तर १९४८ पासूनची. पुण्याच्या भारत फोर्जच्या जर्मनीतल्या कारखान्यात मोटारींच्या सस्पेन्शनचे भाग याच पद्धतीने तयार होतात.