गोंदवून घेण्यापूर्वी

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. गोंदवून घेण्याच्या हौसेला मात्र मोल असते, आणि ते बहुधा उधारीचे असते. आज हात पुढे करावा आणि हिशेब काही वर्षांनी चुकवावा, असा हा व्यवहार आहे.

आमच्या गोंदियात पहाटे बालाघाट रस्त्याने फिरायला निघावे, तर भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले घोळक्याने भेटतात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. मध्यंतरी त्याने घरात जाहीर केले, ‘काकू, मी उजव्या हातावर आई असं गोंदवून घेणार!’ जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. मी मात्र म्हटले, ‘आईला नमस्कार केलास तरी पोहोचेल रे. भरतीचा नियम वाचलास का?’

त्याने वाचला नव्हता. आम्ही दोघांनी बसून वाचला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत देवाचे चिन्ह किंवा नाव गोंदलेले चालते. पण ते डाव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर असावे लागते. उजवा हात सलामीचा, म्हणून तो कोरा हवा. शिवाय गोंदण त्या अवयवाच्या चौथ्या हिश्शाहून लहान असावे लागते. सैन्याचे नियम थोडे निराळे आहेत. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला तेथे सवलत आहे. वर्षभर धावून कमावलेली नोकरी चार बोटांच्या अक्षरांवरून जाऊ शकते, हे कळल्यावर पुतण्याचा बेत भरती होईपर्यंत लांबला. जागा न पाहता गोंदवणे, ही पहिली चूक.

गोंदिया आणि गोंदणे यांचा संबंध जोडण्याचा मोह नवख्यांना होतो. पण नावाचे मूळ गोंद, म्हणजे डिंक, किंवा गोंड लोक यांत आहे, असे इकडे सांगतात. गोंदणाची परंपरा मात्र जिल्ह्यात जुनी. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेची यात्रा भरते. निरनिराळ्या राज्यांतले गोंड बांधव तेथे येतात. त्यांतल्या वृद्ध स्त्रियांच्या हातापायांवरची हिरवट नक्षी मी कौतुकाने पाहत राहते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात, हे काम ओझा जमातीच्या बायका करीत, अशी नोंद आहे. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे मरणानंतर बरोबर येते, ही समजूत तर आपल्याही आज्यांची होती.

त्या आज्यांना एक सोय होती. काय गोंदायचे, कुठे आणि कोणत्या वयात, हे रूढीनेच ठरवून दिलेले असे. कपाळावरचा ठिपका किंवा हातावरची तुळस साठाव्या वर्षीही शोभून दिसे. आजच्या मुलाला हे सारे स्वतःच ठरवायचे असते, आणि तो ते दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरवतो. ही दुसरी चूक. मनात आलेले चित्र कागदावर काढून सहा महिने कपाटाच्या दाराला लावावे. तोवर कंटाळा आला नाही, तर खुशाल पुढे जावे. प्रेमपात्राच्या नावाला तर हा नियम दुप्पट लावावा!

तिसरी चूक शुद्धलेखनाची. ‘आशीर्वाद’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर किती वेळा ‘आर्शिवाद’ असा दिसतो, ते आठवून पाहा. पाटी पुन्हा रंगवता येते. दंड रंगवता येत नाही. अक्षरे आधी मराठी जाणणाऱ्या दोघांना दाखवावीत.

चौथी चूक सर्वांत घातक. जत्रेत एकाच सुईने दहा जणांचे हात गोंदले जातात. एकाचे रक्त दुसऱ्यात जाऊन कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. नवी सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी, शाई वेगळ्या छोट्या वाटीत घेतलेली असावी, हातमोजे नवे असावेत. तसे सांगायला संकोच वाटत असेल, तर उठून यावे. कावीळ ब ची लस मिळते, ती आधीच पूर्ण करावी. कावीळ क ला लस नाही. मधुमेही, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे आणि ज्यांच्या जखमेचे व्रण फुगतात अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईला हात देऊ नये. नियमाने रक्तदान करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: गोंदल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही.

पाचवी चूक घरी आल्यावर घडते. गोंदण ही जखम आहे. तिच्यावर राख किंवा हळद चोपडू नये, खपली नखाने काढू नये, बरी होईपर्यंत तळ्यात पोहू नये, ऊन लागू देऊ नये. ताप आला किंवा पू झाला, तर घरगुती उपायांत दिवस दवडू नयेत.

‘नको झाले तर पुसून टाकू’ असे मुले सहज म्हणतात. गोंदण इतके चिवट का, हेही कळले पाहिजे. शाई कातडीच्या खालच्या थरात उतरते. तेथल्या रक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की तेच कण दुसरी गिळते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिले. लेसरने कण फुटतात, पण त्याला अनेक खेपा, पुष्कळ पैसा आणि सोशिकपणा लागतो. काळा रंग त्यातल्या त्यात ऐकतो, हिरवा-पिवळा हट्टी. आणि एवढे करूनही खूण पुष्कळदा पुरती जात नाही.

तेव्हा वाचकहो, घरातल्या मुलाने ही हौस बोलून दाखवली, तर रागावू नका. रागावलात तर तो न सांगता जाईल, आणि नेमका स्वस्तातल्या सुईकडे जाईल. त्याच्याबरोबर बसून भरतीचा नियम वाचा, अक्षरे तपासा, दुकान पाहायला सोबत जा. हात त्याचा आहे. तो जन्मभर त्यालाच वागवायचा आहे.